सह्याद्री उभा राहिला की उरला? झीज, नद्या आणि डोंगर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भूशास्त्रज्ञ आहे, पुण्यात राहते, आणि आमच्या गॅलरीत तुळशीशेजारी ओढ्यांच्या वाळूच्या पिशव्या रचलेल्या असतात. साहजिकच लोक विचारतात. सोसायटीतल्या काकू विचारतात, ट्रेकची मुलं विचारतात, लग्नकार्यात भेटलेले दूरचे मामा विचारतात. तीच तीच उत्तरं देऊन घसा बसतो, म्हणून ती इथे एकदाची लिहून ठेवली आहेत. प्रश्न लोकांच्या तोंडचे आहेत, मी फक्त शुद्धलेखन तपासलं.

तुम्ही नक्की कशावर काम करता?

डोंगर कसे झिजतात, किती वेगानं झिजतात, नद्या त्यांना कुठून कापतात, आणि या झिजेचा खुद्द डोंगराच्या उंचीवर काय परिणाम होतो, यावर. त्यातला शेवटचा भाग लोकांना खोटा वाटतो. खाली त्याचं उत्तर आहे.

म्हणजे दगड गोळा करता?

दगड कमी, वाळू जास्त.

सह्याद्री म्हणजे ज्वालामुखीचा डोंगर ना?

दगड ज्वालामुखीचा, डोंगर नाही. हा फरक कळला की पुढचं अर्धं पान वाचायची गरज नाही, तरी वाचा.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतल्या लांबच लांब भेगांमधून लाव्हा बाहेर आला आणि पसरला. शंकूसारखा डोंगर करून तोंडातून आग ओकणारा ज्वालामुखी डोळ्यांसमोर आणू नका. दुधाला उतू आलं की ते ओट्यावर जसं सपाट पसरतं, तसं काहीसं झालं. एक थर पसरला, थिजला, त्यावर दुसरा आला. बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत-बाहेर ओतला गेला. आज उरलेला पसारासुद्धा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचा आहे, आणि घाटमाथ्याच्या पट्ट्यात थरांची जाडी किलोमीटरच्या वर जाते. कोयना परिसरात शास्त्रीय कामासाठी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, तेव्हा साधारण सव्वा किलोमीटर बेसॉल्ट, म्हणजे हाच थिजलेल्या लाव्हाचा काळा खडक, संपल्यावर खाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना कातळ लागला.

तर तयार झालं होतं ते पठार. थाळीसारखं सपाट. मग डोंगर आले कुठून? कोरून. पाण्यानं मऊ आणि भेगाळलेला भाग नेला, टणक भाग मागे राहिला. राजगड किंवा तोरण्याकडे लांबून बघा: उभा कडा, मग उतार, परत कडा, परत उतार. टणक काळा फत्तर कडा धरतो. बुडबुड्यांच्या भोकांनी भरलेला मांजऱ्या खडक आणि दोन थरांमधली गेरूसारखी लाल माती उतार धरते. या पायऱ्यांवरूनच या खडकांना ‘ट्रॅप’ म्हणतात, मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ जिना. आपल्या गडांच्या माच्या आणि बालेकिल्ले याच पायऱ्यांवर बसले आहेत. शत्रूला चढायला अवघड म्हणून जो कडा निवडला, तो खरं म्हणजे एका लाव्हाच्या थराची कड आहे.

म्हणून मी म्हणते, सह्याद्री उभा राहिला नाही, उरला. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हणते की घरचे आता माझ्याआधी पूर्ण करतात.

सिंहगडाच्या माथ्यावर ज्वालामुखीचं तोंड होतं का?

नाही. टाकी आहेत, ती माणसांनी खोदली.

मग पश्चिमेला एवढा सरळ कडा कसा? कोणी सुरीनं कापल्यासारखा?

कापलाच आहे, पण सुरी एकदा फिरली आणि झालं असं नाही. भारताचा पश्चिम किनारा ही तुटलेली कड आहे. आधी मादागास्कर वेगळा झाला, नंतर लाव्हाच्या काळाच्या आगेमागे सेशेल्सचा तुकडा सुटला. नव्या समुद्राकडे जमीन एकदम उतरली आणि तिकडे वाहणाऱ्या आखूड, उतावळ्या नद्यांनी पठाराची कड कुरतडत मागे न्यायला सुरुवात केली. पनवेल-मुंबई भागात तर लाव्हाचे थरच समुद्राकडे वाकलेले दिसतात.

कडा मूळ किनाऱ्यापासून इथवर सरकत आला, की सुरुवातीच्या काळातच बराचसा आजच्या जागी आला आणि नंतर मंदावला, यावर आमच्यात वाद आहे. मला दुसरी बाजू जास्त पटते, पण या वादात पैज लावण्याइतकी नाही.

कडा मागे सरकला याचा साक्षीदार बघायचा असेल तर माथेरानला जा. सगळे पॉइंट बघतात, डोंगर बघत नाही कोणी. सपाट माथा, चहूबाजूंनी तुटलेले कडे, पठारापासून वेगळा पडून कोकणात एकटाच उभा. एके काळी तो पठाराचाच भाग होता. मधली जमीन नद्यांनी नेली.

समुद्र पश्चिमेला इतका जवळ, तरी आपल्या नद्या पूर्वेला का जातात?

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून उत्तर लांबेल.

घाटमाथ्यावर पडलेल्या थेंबाला कोकणकिनारा पन्नास-साठ किलोमीटरवर आहे. पण तो कड्याच्या अलीकडे पडला तर मुळेत किंवा मुठेत येतो, पुण्यात संगमावरून पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळतो, भीमा त्याला उजनीतून रायचूरच्या बाजूला कृष्णेपर्यंत नेते आणि कृष्णा बंगालच्या उपसागरात सोडते. हजार किलोमीटरहून मोठा वळसा. कारण पठाराची पश्चिम कड उंच आहे आणि सगळं पठार पूर्वेकडे कललेलं आहे. कड तुटून मोकळी झाली, तिच्यावरचं ओझं कमी झालं, आणि ती वर उचलली गेली. नद्यांनी आपला उतार पाहिला आणि त्या निघाल्या.

पण ही वाटणी कायमची नाही. कोकणातल्या नद्यांना थोड्या अंतरात शेकडो मीटर उतरायचं असतं, शिवाय पाऊस त्यांच्याच तोंडावर आदळतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाचशे सेंटिमीटरहून जास्त, पुण्यात जेमतेम सत्तर. त्यामुळे कोकणची बाजू जोरात खणते आणि पाणलोटाची सीमा पूर्वेला सरकवते. सरकता सरकता ती एखाद्या पूर्ववाहिनी नदीचा उगमाकडचा भाग गिळते. याला आम्ही नदीचोरी म्हणतो, आणि पोलिसांत तक्रार होत नाही.

चोरीची खूण कशी ओळखायची? लोणावळ्याला इंद्रायणीचं खोरं बघा. नदी कुरवंड्याजवळ उगम पावते, म्हणजे तिथे ती ओढ्याएवढी असायला हवी आणि तिची दरी चिंचोळी. पण दरी सुरुवातीपासूनच ऐसपैस आहे, आणि पश्चिमेकडे ती अचानक हवेत संपते; पुढे थेट कोकण. एवढ्याशा ओढ्यानं एवढं खोरं कोरलं, हे मला पटत नाही. वरचा भाग कधीतरी कड्याबरोबर गेला असणार.

आता एक गंमत. कोकणच्या ओढ्यांना ज्या कामाला लाखो वर्षं लागली असती, ते माणसानं बोगदे खणून काही वर्षांत केलं. मुळशीचं धरण मुळेवर आहे, पण त्यातलं पाणी बोगद्यातून आणि नळांतून कडा उतरून भिरा इथल्या वीजकेंद्रात जातं आणि पुढे कुंडलिकेतून अरबी समुद्राला मिळतं. कोयनेचं पाणीही असंच पोफळीकडे उतरून वाशिष्ठीत जातं. भूशास्त्राच्या भाषेत या दोन्ही नदीचोऱ्याच. १९२१ मध्ये सेनापती बापट आणि मावळातले शेतकरी मुळशीला सत्याग्रहाला बसले ते बुडणाऱ्या जमिनींसाठी. पण नदीची दिशा उलटवण्याचा एवढा मोठा प्रयोगही तिथेच झाला, हे वर्गात सांगितलं की मुलं मान वर करतात.

पाणी तर मऊ. ते काळा फत्तर कसं कापणार?

पाणी एकटं कापत नाही. त्याच्या हातात हत्यारं असतात: वाळू, गोटे, धोंडे. तीन गोष्टी घडतात. वाळू कातळाला पॉलिश पेपरसारखी घासते. भोवऱ्यात अडकलेले गोटे एकाच जागी गरगर फिरून भोक पाडतात. आणि मोठ्या पुरात भेगांनी सुटलेले दगडाचे ठोकळेच्या ठोकळे उपटून निघतात. बेसॉल्ट थंड होतानाच त्यात भेगा पडतात, त्यामुळे आपल्याकडे हा तिसरा प्रकार महत्त्वाचा.

दुसरा प्रकार बघायला निघोजला कुकडीच्या पात्रात जा. पुण्याहून शिरूरमार्गे सकाळी निघून संध्याकाळी परत. तिथले रांजणखळगे एवढे खोल आहेत की आत माणूस उभा राहिला तर दिसायचा नाही. (उभं राहू नका. पाणी असतं, आणि कातळ साबणासारखा असतो.)

आणि वेगाचा हिशोब लक्षात ठेवा. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर तो हलवू शकेल अशा धोंड्याचं वजन ढोबळमानानं ६४ पट होतं. म्हणून वर्षातले तीनशे साठ दिवस नदी जवळजवळ काहीच करत नाही. जे काय करायचं ते दोन-चार पुरांच्या दिवसांत. पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागातले विश्वास काळे यांनी नर्मदा आणि तापीच्या जुन्या महापुरांचा माग त्यांनी मागे ठेवलेल्या गाळावरून काढला. आपल्या नद्यांना मोठा पूर ही दुर्घटना वाटत नाही, तो त्यांचा कामाचा दिवस असतो.

डोंगर वर्षाला किती झिजतो, हे मोजता तरी कसं?

अंतराळातून येणारे किरण जमिनीच्या वरच्या मीटरभर थरातल्या खनिजांवर आदळतात. गारेत, म्हणजे क्वार्ट्झमध्ये, त्यानं बेरिलियम-१० नावाचे अणू तयार होतात. अगदी थोडे: समुद्रसपाटीला एका ग्रॅमला वर्षाला चार-पाच. जमीन झपाट्यानं झिजत असेल तर वाळूचा कण या थरात कमी काळ राहतो आणि त्यात अणू कमी जमतात. सावकाश झिजत असेल तर जास्त. म्हणजे नदीच्या मुखाशी ओंजळभर वाळू घ्या, अणू मोजा, आणि वरच्या सगळ्या खोऱ्याची सरासरी झीज मिळते. हे मला आजही जादूसारखं वाटतं. मोजायला साधं यंत्र चालत नाही, त्वरक, म्हणजे अणूंना प्रचंड वेग देणारं यंत्र, लागतो. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात तशी सोय आहे.

आता आपलं दुखणं. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ जवळपास नसतोच! जगभरचे सहकारी ज्या पद्धतीवर प्रबंध लिहितात ती आमच्या अंगणात सरळ चालत नाही. मग पायरॉक्सिन, ऑलिव्हिन यांसारख्या खनिजांत त्याच किरणांमुळे साठलेला हीलियम-३ मोजायचा, किंवा क्लोरिन-३६. काम वाढतं, खर्च वाढतो, आणि गॅलरीतल्या पिशव्याही वाढतात.

आकडा हवाच असेल तर: आपल्यासारख्या जुन्या, शांत पठारावर दहा लाख वर्षांत काही मीटर ते काही दशक मीटर. समजा १० मीटर धरले, तर १६७० मध्ये तानाजी सिंहगडावर चढले तेव्हापासून आजवर माथा साडेतीन मिलिमीटर झिजला. ही सरासरी आहे बरं का. कडा शंभर वर्षं हलत नाही आणि एका रात्री दहा मीटर कोसळतो.

आणि हिमालय?

वेगळंच प्रकरण. तिथे भारत आशियाला ढकलतो आहे, आणि ही टक्कर सुमारे ५ कोटी वर्षं चालू आहे. एकट्या हिमालयाच्या पट्ट्यात वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर आकसतात. तिथे झीजही तशीच: काही ठिकाणी वर्षाला अनेक मिलिमीटर, म्हणजे आपल्या शेकडो पट. गंगा आणि ब्रह्मपुत्रा मिळून वर्षाला शंभर कोटी टनांच्या घरात गाळ वाहून नेतात. त्या गाळानं बंगालच्या उपसागराच्या तळाशी तीन हजार किलोमीटर लांबीचा पंखा घातला आहे. हिमालयाचं चरित्र वाचायचं असेल तर हिमालयापेक्षा त्या पंख्यात जास्त पानं शाबूत आहेत.

सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा या नद्या पर्वताच्या आरपार जातात, त्या डोंगर फोडून गेल्या असं शाळेत शिकवतात. फोडायला डोंगर आधी तिथे असावा लागतो. नद्या आधी होत्या. डोंगर त्यांच्याखालून वर येत गेला आणि त्या जागा न सोडता कापत राहिल्या.

झीज झाली तर डोंगर बुटका व्हायला हवा. तुम्ही म्हणता वर येतो. हे कसं?

हाच तो खोटा वाटणारा भाग. ताकावर लोण्याचा गोळा तरंगतो आहे असं धरा. वरून सुरीनं थोडं लोणी काढून घेतलं तर गोळा थोडा वर येतो, कारण वजन कमी झालं. पृथ्वीचं कवच खालच्या जड प्रावरणावर, म्हणजे कवचाखालच्या खडकाच्या जाड थरावर, असंच तरंगतं. कवचाची घनता पाण्याच्या सुमारे २.७ पट, खालच्याची ३.३ पट. हिशोब केला तर सरसकट एक मीटर जमीन काढली की खालून साधारण ८० सेंटिमीटर परत वर येते. निव्वळ घट वीसच सेंटिमीटर.

आता खरी खोच. झीज सरसकट होत नाही. नद्या दऱ्या खोदतात, शिखरं तशीच राहतात. पण वर उचललं जाणं मात्र सगळ्यांच्या वाट्याला सारखं येतं. म्हणजे दरी खोल होते, आणि शिखर, ज्याचं काहीच झिजलं नाही, ते आधीपेक्षा उंच होतं.

ही कल्पना भारताच्याच मोजणीतून निघाली, हे फार कमी जणांना माहीत असतं. जॉर्ज एव्हरेस्टच्या सर्वेक्षणात मध्य भारतातलं कल्याणपूर आणि उत्तरेकडचं कालियाना या दोन ठाण्यांमधलं अंतर साखळीनं-कोनांनी मोजलं, आणि ताऱ्यांवरूनही मोजलं. दोन्हींत ५.२४ सेकंदांची (हे सेकंद कोनाचे, घड्याळाचे नव्हेत) तफावत आली. कलकत्त्याचे धर्मगुरू आणि गणिती जॉन प्रॅट म्हणाले, हिमालयानं ओळंबा आपल्याकडे ओढला असणार. गवंड्याचा ओळंबा असतो तोच. पण त्यांनी हिमालयाचं वस्तुमान धरून गणित केलं तर ओढ १५.९ सेकंदांची यायला हवी होती. हिमालय अपेक्षेच्या एक तृतीयांशच ओढत होता! १८५५ मध्ये ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी उत्तर दिलं: डोंगराला खाली हलक्या खडकाचं खोल मूळ आहे, तो तरंगतो आहे, म्हणून त्याची ओढ कमी. तपशिलात प्रॅट यांचं मत वेगळं होतं, पण तरंगण्याची गोष्ट टिकली.

म्हणजे पाऊस डोंगर घडवतो?

काही जण तसं म्हणतात. १९९० मध्ये पीटर मोल्नार आणि फिलिप इंग्लंड या भूशास्त्रज्ञांनी प्रश्न उलटा करून ठेवला: डोंगर उंच झाले म्हणून हवामान बदललं, की हवामान बदलून झीज वाढली म्हणून डोंगर उंच झाल्यासारखे दिसतात? आधी कोंबडी की आधी अंडं, त्यातला प्रकार. हिमालयाच्या पूर्व टोकाच्या नामचा बरवा शिखराभोवती ब्रह्मपुत्रा एवढ्या वेगानं कापते आहे की खालचा गरम, मऊ खडक तिथे वर खेचला जातो असं काही संशोधक मानतात. मला वाटतं, जिथे खालून ढकलणारं बळ आहे तिथे पाऊस फार तर ते कुठे फुटावं हे ठरवतो. सह्याद्रीत ढकलणारं बळच नाही. तिथे पाऊस आणि जुनी तुटलेली कड, एवढंच भांडवल.

कोयनेचा १९६७ चा भूकंप म्हणजे सह्याद्री वाढतोय का?

नाही. ११ डिसेंबर १९६७ चा तो धक्का जलाशयाच्या पाण्याच्या भाराशी आणि दाबाशी जोडला जातो. डोंगर वाढण्याशी त्याचा संबंध नाही.

माळीणसारखं आमच्या गावात होईल का?

या प्रश्नाला मी हसत उत्तर देत नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. २०२१ मध्ये महाडजवळ तळीये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. तिन्ही वेळा जुलै, तिन्ही वेळा कित्येक दिवसांचा पाऊस आधी पडून गेलेला.

तीव्र उतारावर कातळाच्या वर कुजलेला खडक आणि मातीचं जाड पांघरूण असतं. पाणी त्यात मुरून कातळावर अडतं, कणांना आतून दाबून सुटं करतं, आणि पांघरूण घसरतं. उतार पायथ्याशी कापला, पाण्याची वाट बुजवली, तर हे लवकर होतं. लक्षणं सांगते, ती गंभीरपणे घ्या: जमिनीत नव्या चंद्रकोरीसारख्या भेगा, झाडं किंवा खांब कलणं, दारं-खिडक्या अडकायला लागणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं किंवा नव्या जागी फुटणं. यातलं काही भर पावसात दिसलं तर रात्र तिथे काढू नका. तलाठ्याला, तहसीलदाराला कळवा, पण कळवून झाल्यावर वाट बघायची ती दुसरीकडे बसून.

आमच्या इमारतीमागची टेकडी थोडीशी कापली तर काय बिघडतं?

बिल्डर हा प्रश्न ‘थोडीशी’वर जोर देऊन विचारतात. टेकडी पावसाचं पाणी मुरवते आणि हळू सोडते. ती कापली, ओढ्यावर स्लॅब टाकला, की तेवढंच पाणी तासाभरात खाली येतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं कात्रजपासून खाली हे दाखवून दिलं. ओढ्याचं पात्र सातबाऱ्यावर कितीही अरुंद झालं तरी ओढ्याला सातबारा वाचता येत नाही.

मुलीला भूशास्त्र घ्यायचंय. नोकरी मिळेल का?

मिळते. फर्ग्युसनला विषय आहे, विद्यापीठात विभाग आहे, डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या अंगानं गाळाचा अभ्यास होतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी लोकसेवा आयोगाची परीक्षा असते, आणि राज्याच्या भूजल यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच आहे. तिला चालायला आवडतं का, हे आधी विचारा.

एका रविवारी काय बघू?

कात्रजच्या जुन्या घाटात रस्ता कापलेल्या भिंतीत दोन लाव्हांमधला लाल पट्टा बघा. दोन लोटांच्या मधल्या विश्रांतीत तयार झालेली ती माती आहे. वेळ असेल तर जुन्नर तालुक्यात आळेफाट्याच्या पुढे गुळुंचवाडीचा नैसर्गिक पूल. त्याच तालुक्यात बोरीला कुकडीच्या काठावर पांढरट राखेचा थर आहे, इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीतून उडून आलेला. ती राख ७५ हजार वर्षांपूर्वीची की त्याहून कितीतरी जुनी, यावर भांडण मिटलेलं नाही. राख खणून घरी नेऊ नका, आम्हाला लागते.

तुमच्याबरोबर यायचं असेल तर?

या. पहाटे साडेपाचला निघतो, उशीर करणाऱ्यासाठी थांबत नाही. टोपी, दोन लिटर पाणी, घोट्यापर्यंतचे बूट. हातोडा मी देईन, पण गडावर तो बाहेर काढायचा नाही. परत येताना प्रत्येकाला वाळूची एक पिशवी उचलावी लागते, चार किलोची.